युरेनियमची यकृतविषाक्तता

युरेनियमची यकृतविषाक्तता म्हणजे युरेनियम हे मूलद्रव्य किंवा त्याची संयुगे शरीरात गेल्यामुळे यकृताच्या पेशींना होणारी इजा. युरेनियम किरणोत्सारी असले, तरी नैसर्गिक युरेनियमच्या बाबतीत ही इजा मुख्यतः रासायनिक स्वरूपाची असते. या दृष्टीने ते शिसे, पारा, कॅडमियम या जड धातूंच्या पंक्तीत बसते. युरेनियमच्या विषबाधेचा पहिला आघात मूत्रपिंडांवर होतो हे दीड शतकाहून अधिक काळ माहीत आहे. यकृतावरील परिणामांचा पेशीपातळीवरील अभ्यास मात्र प्रामुख्याने एकविसाव्या शतकात झाला.

या विषयात एक विसंगती सुरुवातीलाच लक्षात घ्यावी लागते. शरीरात साठलेल्या एकूण युरेनियमपैकी यकृतातील वाटा मूत्रपिंडांतील वाट्याच्या सुमारे दुप्पट असतो. तरीही आधी निकामी होतात ती मूत्रपिंडे. याचे कारण केवळ धातूच्या प्रमाणात नसून तो धातू प्रत्येक अवयवात कोणत्या रासायनिक रूपात वावरतो यात आहे. यकृतपेशीला इजा कशी होते, आणि बहुतेक वेळा ती का होत नाही, ही दोन्ही उत्तरे तेथूनच मिळतात.

धातूचे स्वरूप

जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्टिन हाइनरिख क्लाप्रोट यांनी इ.स. १७८९ मध्ये युरेनियमचा शोध लावला. त्याचा अणुक्रमांक ९२ आहे. नैसर्गिक युरेनियममध्ये ९९.२७ टक्के युरेनियम-२३८, ०.७२ टक्के युरेनियम-२३५ आणि अत्यल्प प्रमाणात युरेनियम-२३४ हे समस्थानिक असतात. युरेनियम-२३८ चा अर्धायुष्यकाल सुमारे ४४७ कोटी वर्षे आहे. अर्धायुष्यकाल इतका प्रदीर्घ असल्याने ठरावीक वजनाच्या युरेनियममध्ये दर सेकंदाला होणाऱ्या विघटनांची संख्या कमी राहते. एक मिलिग्रॅम नैसर्गिक युरेनियममध्ये दर सेकंदाला सुमारे २५ विघटने होतात. अणुभट्टीच्या इंधनासाठी युरेनियम-२३५ चा बराचसा भाग काढून घेतल्यावर जे उरते त्याला डिप्लिटेड युरेनियम म्हणतात. त्याची किरणोत्सारिता नैसर्गिक युरेनियमच्या सुमारे ६० टक्के असते. विषशास्त्रातील बहुतेक प्रयोग याच प्रकारावर झाले आहेत, कारण त्यात रासायनिक परिणाम किरणोत्साराच्या परिणामापासून वेगळा काढणे सोपे जाते.

शरीरातील द्रवांत युरेनियम बहुतांशी युरेनिल आयनाच्या रूपात असते. हा धनभारित आयन एक युरेनियम व दोन ऑक्सिजन अणूंचा बनलेला असून त्यातील युरेनियम षट्संयुजी असते. ऑक्सिजनयुक्त गटांची, विशेषतः फॉस्फेट, कार्बोनेट आणि कार्बोक्सिल गटांची, त्याला मोठी ओढ असते. पेशी तर अशा गटांनी भरलेली आहे: पेशीपटलातील फॉस्फोलिपिडे, डीएनएचा कणा, ऊर्जेचे चलन असलेले एटीपी, ही सारी फॉस्फेट बाळगणारी रेणुकुले होत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे पेशीचे छेद रंगवण्यासाठी प्रयोगशाळांत अनेक दशके युरेनिल ॲसिटेट वापरले जाते, ते याच गुणामुळे. ज्या आसक्तीमुळे सूक्ष्मदर्शकात पेशीचे अंतरंग ठळक दिसते, तीच जिवंत पेशीत विषारी ठरते. यामुळे संशोधनात एक अडचणही उद्भवते. पेशीत शिरलेले युरेनियम शोधायचे असेल तर तो छेद नेहमीच्या युरेनियमयुक्त रंगाने रंगवता येत नाही.

संशोधनाचा इतिहास

एकोणिसाव्या शतकात युरेनियमचे क्षार औषध म्हणून दिले जात. कुत्र्यांना युरेनियम नायट्रेट दिल्यावर त्यांच्या लघवीत साखर उतरते हे आढळल्यानंतर मधुमेहावर त्याचा उपयोग होईल अशी कल्पना पुढे आली आणि युरेनियमयुक्त मद्यही औषध म्हणून विकले गेले. ती साखर वास्तविक मूत्रपिंडाच्या नलिका बिघडल्यामुळे उतरत होती. पुढे प्राण्यांमध्ये मूत्रपिंडदाह मुद्दाम घडवून आणण्याचे साधन म्हणून युरेनियम नायट्रेट प्रयोगशाळांत रूढ झाले.

यकृताकडे या काळात क्वचितच कोणी पाहिले. त्याला महत्त्वाचा अपवाद अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे विल्यम मॅकनायडर यांचा. युरेनियम नायट्रेटमुळे यकृताला होणारी इजा आणि त्यानंतरची दुरुस्ती यांवर त्यांनी इ.स. १९३६ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. इजेनंतर यकृतात नव्याने येणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असू शकतात आणि त्यांतील बदललेल्या घडणीच्या पेशी पुढच्या युरेनियमच्या मात्रेला अधिक दाद देत नाहीत, असे त्यांचे निरीक्षण होते. ऊतीची दुरुस्ती म्हणजे पूर्वस्थितीला परतणेच असे नाही, हा त्यातला विचार त्या काळाच्या मानाने नवा होता.

दुसऱ्या महायुद्धात अणुबाँब प्रकल्पामुळे हजारो कामगारांचा युरेनियमशी संबंध आला. रॉचेस्टर विद्यापीठात त्यासाठी प्राण्यांवर विस्तृत प्रयोग झाले आणि कार्ल व्होग्टलिन व हॅरोल्ड हॉज यांनी संपादित केलेला त्यांचा अहवाल इ.स. १९४९ पासून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. कामगारांसाठीच्या सुरक्षामर्यादांचा पाया त्याच कामाने घातला. तो मूत्रपिंडकेंद्री होता. यकृतातील बदल त्यात मोठ्या मात्रांच्या संदर्भात येतात.

यकृतापर्यंतचा प्रवास

अन्नपाण्यातून पोटात गेलेल्या युरेनियमपैकी फारच थोडे रक्तात शोषले जाते. विद्राव्य संयुगांसाठी हे प्रमाण साधारण एक ते दोन टक्के धरतात. बाकीचे विष्ठेवाटे निघून जाते. श्वासावाटे आलेल्या धुळीच्या बाबतीत विद्राव्यता निर्णायक ठरते. युरेनियम हेक्साफ्लोराइडसारखी संयुगे फुप्फुसातून त्वरेने रक्तात उतरतात, तर युरेनियम डायऑक्साइडचे कण फुप्फुसात व जवळच्या लसीका ग्रंथींत वर्षानुवर्षे पडून राहतात.

आतड्यातून शोषलेले रक्त प्रथम प्रतिहारी शिरेतून यकृतात येते. त्यामुळे पाण्यातून आलेल्या युरेनियमची पहिली गाठ यकृतपेशींशी पडते. परंतु रक्तातील युरेनियमचा मोठा भाग बायकार्बोनेटशी संयोग पावलेला असतो आणि उरलेला ट्रान्सफेरिन, अल्ब्युमिन या प्रथिनांशी व तांबड्या पेशींशी बांधलेला असतो. बायकार्बोनेटशी झालेले संयुग स्थिर व विद्राव्य असल्याने ते पेशींना फारसे न चिकटता पुढे वाहून जाते. खडकातील युरेनियम भूजलात उतरते तेही अशाच कार्बोनेट संयुगांच्या रूपात, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मूत्रपिंडात परिस्थिती पालटते. गाळून आलेला द्रव नलिकांतून पुढे जाताना आम्लधर्मी होतो, बायकार्बोनेट काढून घेतले जाते आणि मोकळा झालेला युरेनिल आयन समीपस्थ नलिकेच्या पेशींना चिकटतो. यकृतात असा आम्लधर्मी टप्पा नाही. रक्तात आलेल्या युरेनियमपैकी सुमारे दोनतृतीयांश भाग पहिल्या चोवीस तासांत लघवीवाटे बाहेर पडतो. उरलेल्याचा मुख्य साठा हाडांत होतो, कारण हाडातील कॅल्शियमची जागा युरेनिल घेऊ शकते. पित्तावाटे होणारे उत्सर्जन नगण्य असते. म्हणजे यकृतात शिरलेले युरेनियम बाहेर पडायचे तर त्याला बहुतांशी परत रक्तातच यावे लागते.

आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाच्या अंदाजानुसार सामान्य प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण सुमारे ९० मायक्रोग्रॅम युरेनियम असते. त्यापैकी ६६ टक्के हाडांत, १६ टक्के यकृतात, ८ टक्के मूत्रपिंडांत आणि उरलेले १० टक्के इतर ऊतींत असते. यकृताच्या वाट्याला आलेले सुमारे १४ मायक्रोग्रॅम पावणेदोन-पावणेदोन किलोच्या अवयवात विखुरलेले असतात, तर मूत्रपिंडांतील ७ मायक्रोग्रॅम अवघ्या ३०० ग्रॅम ऊतीत. दर ग्रॅममागे हिशेब केला तर यकृतात सुमारे ८ नॅनोग्रॅम आणि मूत्रपिंडांत सुमारे २३ नॅनोग्रॅम युरेनियम भरते. एकूण साठा दुप्पट, पण घनता एकतृतीयांश, अशी ही स्थिती आहे. यकृतातील युरेनियमचे आयोगाच्या प्रतिमानात दोन कप्पे मानले आहेत: काही दिवसांत रिकामा होणारा मोठा कप्पा आणि काही वर्षे टिकून राहणारा लहान कप्पा.

या आकड्यांवरून किरणोत्साराचाही अंदाज येतो. यकृतातील १४ मायक्रोग्रॅम युरेनियममध्ये सरासरी दर तीन सेकंदांना एखादे विघटन होते, आणि तेही अब्जावधी पेशींमध्ये कोठेतरी. शरीरातील नैसर्गिक पोटॅशियम-४० मध्ये दर सेकंदाला चार हजारांहून अधिक विघटने होत असतात. अल्फा कण बीटा कणाहून कितीतरी अधिक विध्वंसक असतो हे खरे. तरीही पेशींची व्यापक इजा इतक्या विरळ विघटनांनी होत नाही. समृद्ध युरेनियमचा प्रश्न वेगळा आहे. त्यात युरेनियम-२३४ चे प्रमाण वाढलेले असल्याने त्याची किरणोत्सारिता बरीच अधिक असते.

पेशीत प्रवेश

यकृताच्या वस्तुमानाचा बहुतांश भाग यकृतपेशींचा असतो. त्यांच्या रांगांमधून जाणाऱ्या रक्तवाहिकांच्या भिंतींना सलग अस्तर नसून छिद्रे असतात. त्यामुळे रक्तद्रव आणि यकृतपेशी यांचा जवळजवळ थेट संपर्क येतो. याच वाहिकांत कुप्फर पेशी या भक्षक पेशी असतात. अविद्राव्य युरेनियमचे कण रक्तात पोहोचलेच तर त्या ते गिळतात.

विद्राव्य युरेनिल पेशीत दोन मार्गांनी शिरते असे मानले जाते. एक म्हणजे पेशीपटलाची पुटिका होऊन बाहेरचा द्रव आत ओढला जाणे. दुसरा म्हणजे फॉस्फेटची ने-आण करणाऱ्या प्रथिनांतून होणारी घुसखोरी. दुसऱ्या मार्गाचा पुरावा प्रामुख्याने मूत्रपिंडाच्या पेशींवरील प्रयोगांतून आला आहे. आत आलेले युरेनियम जास्त असेल तर ते लयकारिकांमध्ये फॉस्फेटशी संयोग पावून सुईसारख्या स्फटिकांच्या रूपात साठते. हा साठा एका परीने संरक्षक आहे, कारण अविद्राव्य झालेला धातू पेशीतील प्रथिनांना गाठू शकत नाही. मात्र साठा प्रमाणाबाहेर वाढला आणि लयकारिकेचे आवरण फाटले, की धातूबरोबरच तिच्यातील पाचक विकरे पेशीद्रवात सांडतात.

फ्रान्सच्या किरणोत्सार संरक्षण व आण्विक सुरक्षा संस्थेतील संशोधकांनी इ.स. २०१० मध्ये मानवी यकृतकर्कापासून मिळवलेल्या हेप-जी२ पेशी, तसेच मूत्रपिंड व मज्जापेशींच्या वाणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. पेशी न मारणाऱ्या कमी मात्रेतही विद्राव्य युरेनियम पेशीकेंद्रकात पोहोचते आणि मात्रा वाढल्यावर केंद्रक व पेशीद्रव या दोन्हींत त्याचे साके दिसू लागतात, असे त्यात आढळले. पेशी निरोगी दिसत असतानाच धातू केंद्रकात असतो, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट.

तंतुकणिकांवरील आघात

यकृतपेशी ही शरीरातील सर्वाधिक कामसू पेशींपैकी एक असून एकेका पेशीत शेकडो ते हजारो तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया असतात. युरेनियमच्या यकृतविषाक्ततेचे केंद्र तेथेच आहे. अन्नघटकांपासून निघालेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतील पटलावरील प्रथिनसंकुलांच्या साखळीतून शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात आणि या प्रवासात सुटलेल्या ऊर्जेवर एटीपी तयार होते. युरेनिल या साखळीत अडथळा आणते. उंदरांच्या मूत्रपिंडातून वेगळ्या काढलेल्या तंतुकणिकांवरील प्रयोगांत हा अडथळा दुसऱ्या व तिसऱ्या संकुलाशी दिसून आला. वाटेत अडलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला अर्धवट चिकटतात आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी ऑक्सिजनची क्रियाशील रूपे निर्माण होतात. षट्संयुजी युरेनियमचे पेशीतील क्षपणकारकांमुळे खालच्या संयुजेत रूपांतर होऊन या फेऱ्यातही अशी रूपे तयार होतात, अशी आणखी एक मांडणी आहे.

जलाल पूरअहमद व त्यांच्या सहकाऱ्यांनी इराणमध्ये उंदरांच्या यकृतातून वेगळ्या केलेल्या जिवंत पेशींवर युरेनिल ॲसिटेटचा परिणाम तपासला. इ.स. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ऑक्सिजनच्या क्रियाशील रूपांची वाढ, पेशीपटलातील मेदांचे पेरॉक्सिडीकरण, ग्लुटाथायोनची घट, तंतुकणिकांच्या पटलावरील विद्युतविभवाचा ऱ्हास आणि लयकारिकांची फूट हे सारे पेशीमृत्यूशी जोडलेले आढळले. ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये दिल्यावर ही इजा कमी झाली. ज्या मात्रेने हे घडले तिच्यात किरणोत्साराचा वाटा नगण्य होता, म्हणूनच हा प्रयोग रासायनिक विषाक्ततेचा भक्कम पुरावा मानला जातो.

ग्लुटाथायोन हा तीन अमिनो आम्लांचा लहानसा रेणू यकृतात विपुल असतो आणि क्रियाशील ऑक्सिजन निष्प्रभ करणे हे त्याचे काम. पॅरासिटामॉलची मात्रा प्रमाणाबाहेर गेल्यास यकृत निकामी होते, तेही हाच साठा संपल्यामुळे. युरेनियमच्या मोठ्या मात्रेत त्याची घट होऊ लागली की पेरॉक्सिडीकरणाला आवर राहत नाही. तंतुकणिकेच्या पटलातील छिद्रे उघडतात, विद्युतविभव कोसळतो आणि आतले सायटोक्रोम-सी हे प्रथिन पेशीद्रवात येते. त्यामुळे कॅस्पेज नावाची विकरे जागी होऊन पेशीचा नियोजित मृत्यू सुरू होतो. या नियोजित मृत्यूलाही एटीपी लागते. एटीपी फारच घटले असेल तर पेशी नीटनेटकी मरण्याऐवजी फुगून फुटते. तिच्यातील द्रव्ये बाहेर सांडतात आणि भोवताली दाह होतो. मात्रा किती व किती वेगाने आली यावर या दोहोंपैकी काय घडेल हे ठरते.

केंद्रक आणि डीएनए

युरेनियममुळे डीएनएला होणारी इजा किरणोत्साराविनाही घडू शकते. अमेरिकेतील नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांनी इ.स. २००३ मध्ये दाखवले की ॲस्कॉर्बेटच्या, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या सान्निध्यात युरेनिल ॲसिटेट डीएनएच्या एका धाग्यात तुटी निर्माण करते. ऑक्सिडीकरणरोधक म्हणून ओळखले जाणारे द्रव्य धातूच्या संगतीत उलटे वागते, असा हा विरोधाभास आहे. हा अभ्यास ज्या परिसरात झाला त्यालाही अर्थ आहे. जवळच्या नवाहो आदिवासींच्या प्रदेशात इ.स. १९४४ ते १९८६ या काळात सुमारे तीन कोटी टन युरेनियम खनिज काढले गेले आणि पाचशेहून अधिक खाणी तशाच सोडून देण्यात आल्या.

न्यू मेक्सिको विद्यापीठातील पुढील संशोधनातून आणखी एक दुवा मिळाला. डीएनए दुरुस्तीच्या कामातील पार्प-१ सारख्या काही प्रथिनांना आपला आकार टिकवण्यासाठी जस्ताचा अणू लागतो. युरेनिल या जस्ताच्या जागी आघात करून प्रथिनाचे कार्य मंदावते. म्हणजे तुटी वाढतात आणि त्याच वेळी दुरुस्ती करणारा हात आखडतो. हे प्रयोग यकृतपेशींवरील नसले तरी पार्प-१ यकृतपेशींतही असते आणि हेप-जी२ पेशींत धातू केंद्रकापर्यंत पोहोचतो हे वर आलेच आहे.

युरेनियममुळे माणसात यकृताचा कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही. येथे थोरोट्रास्टशी होणारी गल्लत टाळायला हवी. थोरियम डायऑक्साइडचे हे द्रावण इ.स. १९३० ते १९५० च्या दशकांत क्ष-किरण तपासणीसाठी रक्तवाहिन्यांत टोचले जाई. त्याचे कण कुप्फर पेशींत जन्मभर अडकून पडत आणि अनेक रुग्णांना काही दशकांनंतर यकृताचे कर्करोग झाले. थोरियमचे विघटन होऊन बनणारी द्रव्ये तेथेच साचत व अल्फा कणांचा मारा सतत चालू राही. विद्राव्य युरेनियम यकृतात त्या प्रकारे अडकून राहत नाही.

पेशीचा प्रतिकार

यकृतपेशी हा आघात निमूटपणे सोसत नाही. क्रियाशील ऑक्सिजन वाढताच एनआरएफ-२ हे प्रथिन केंद्रकात जाऊन संरक्षक जनुके चालू करते. ग्लुटाथायोन बनवणारी, सुपरऑक्साइडचे विघटन करणारी विकरे वाढतात. धातू बांधून ठेवणारे मेटॅलोथायोनीन हे प्रथिनही वाढते. उंदरांना दीर्घकाळ पाण्यातून युरेनियम देऊन इ.स. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात मात्रेच्या प्रमाणात ग्लुटाथायोन वाढलेले आढळले आणि मूत्रपिंडाला इजा मात्र झालेली नव्हती. पेशींवरील अल्पकालीन प्रयोगात ग्लुटाथायोन घटते आणि जिवंत प्राण्यात संथ मात्रेने ते वाढते. हा विरोध नसून एकाच प्रक्रियेच्या दोन अवस्था आहेत: पहिल्या अवस्थेत पेशीला तयारीला वेळ मिळत नाही, दुसऱ्या अवस्थेत मिळतो.

चीनमधील साउथ चायना विद्यापीठाच्या गटाने इ.स. २०१७ मध्ये उंदरांतील तीव्र युरेनियमजन्य यकृतइजेवर हायड्रोजन सल्फाइड पुरवणाऱ्या द्रव्याचा परिणाम तपासला. त्याने ऑक्सिडीकरणरोधक यंत्रणा सावरते आणि पेशीमृत्यू घटतो असे त्यांना आढळले. कुजक्या अंड्यांच्या वासासाठी प्रसिद्ध असलेला हा वायू शरीर स्वतःही अत्यल्प प्रमाणात तयार करते.

दीर्घकालीन मात्रेचे परिणाम

पेशी न मरताही तिचे काम बदलू शकते. उपर्युक्त फ्रेंच संस्थेने उंदरांना नऊ महिने लिटरमागे ४० मिलिग्रॅम युरेनियम असलेले पाणी दिले. इ.स. २००५ च्या अहवालानुसार या उंदरांच्या यकृतात सीवायपी३ए या विकरकुलाशी संबंधित जनुकाची अभिव्यक्ती वाढली होती. हे विकरकुल अनेक औषधांचे व स्टेरॉइड द्रव्यांचे विघटन करते. माणसात प्रचलित औषधांपैकी सुमारे निम्म्यांच्या निपटाऱ्यात त्याचा हात असतो, म्हणून या निष्कर्षाकडे लक्ष वेधले गेले. त्याच गटाने कोलेस्टेरॉल, पित्ताम्ले आणि ड जीवनसत्त्व यांच्या चयापचयातील जनुकांतही बदल नोंदवले. मात्र हे बहुतेक बदल जनुकांच्या पातळीवरचे होते; उंदीर आजारी पडले नव्हते. जनुकाची अभिव्यक्ती बदलणे आणि अवयव बिघडणे यांतील अंतर लोकप्रिय लेखनात अनेकदा पुसले जाते.

माणसांतील पुरावा

मोठी मात्रा एकदम पोटात गेल्यास यकृताला इजा होते याचा थेट पुरावा एका रुग्णाच्या वैद्यकीय अहवालात आहे. इ.स. १९९६ मध्ये नेफ्रॉन या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या या अहवालातील व्यक्तीने १५ ग्रॅम युरेनियम ॲसिटेट हेतुपुरस्सर घेतले होते. तिची मूत्रपिंडे निकामी झाली, हृदयस्नायूचा दाह, आतड्यांची शिथिलता व रक्तक्षय झाला आणि यकृताचे कार्य बिघडले. रक्त गोठण्याची क्रिया यकृतातील बिघाडाच्या मानाने अधिकच विस्कळीत झाली होती. रुग्ण वाचला, पण मूत्रपिंडाच्या नलिकांतील दोष सहा महिन्यांनीही उरला होता. अशा प्रसंगी यकृतावरील किती परिणाम थेट युरेनियमचा आणि किती निकामी मूत्रपिंडांमुळे साचलेल्या विषारी द्रव्यांचा, हे वेगळे करणे कठीण असते.

अपघातांतून वेगळीच माहिती मिळते. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात गोर या गावाजवळच्या कारखान्यात ४ जानेवारी १९८६ रोजी युरेनियम हेक्साफ्लोराइडचे नळकांडे फुटले. एका कामगाराचा मृत्यू झाला तो हायड्रोफ्लोरिक आम्लाने फुप्फुसे जळाल्यामुळे, युरेनियममुळे नव्हे. इ.स. १९९१ च्या आखाती युद्धात स्वपक्षाच्याच गोळीबारात डिप्लिटेड युरेनियमचे तुकडे शरीरात रुतलेल्या अमेरिकन सैनिकांची बाल्टिमोर येथे अनेक वर्षे नियमित तपासणी होत आली आहे. त्यांच्या लघवीत युरेनियमचे प्रमाण दशकांनंतरही वाढलेले आढळते, परंतु यकृताच्या कार्यात वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा बिघाड दिसून आलेला नाही. हा गट लहान आहे; तरी सतत, संथ गतीने युरेनियम रक्तात उतरत राहिल्याचे त्याच्याइतके दीर्घकाळ निरखलेले उदाहरण विरळाच.

पिण्याचे पाणी आणि प्रयोगांतील मात्रा

सामान्य माणसाचा युरेनियमशी संबंध येतो तो प्रामुख्याने अन्नातून आणि विहिरी-कूपनलिकांच्या पाण्यातून. भारतात इ.स. २०१८ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी भारतीय सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात राजस्थानातील तपासलेल्या विहिरींपैकी जवळजवळ एकतृतीयांश विहिरींत युरेनियम लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक आढळले. युरेनियमयुक्त खडक, पाण्यातील भरपूर बायकार्बोनेट आणि अतिउपशाने खालावलेली पातळी ही त्याची कारणे सांगितली गेली. खतांतून उतरणारे नायट्रेटही त्यात भर घालते. पंजाबच्या माळवा भागातील भूजलातही युरेनियमचे प्रमाण अनेक ठिकाणी जास्त आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा इ.स. १९९८ मध्ये लिटरमागे २ मायक्रोग्रॅम होती; ती इ.स. २००४ मध्ये १५ आणि इ.स. २०११ मध्ये ३० करण्यात आली. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणोत्साराच्या दृष्टीने ६० मायक्रोग्रॅम ही मर्यादा धरली होती. पुढे भारतीय मानक ब्यूरोने पिण्याच्या पाण्याच्या मानकात ३० मायक्रोग्रॅमचा समावेश केला. आरोग्य संघटनेची मर्यादा मूत्रपिंडावरील परिणामांवर बेतलेली आहे. यकृत हा तिचा आधार नाही, कारण मूत्रपिंडाचे रक्षण झाले तर यकृताचेही होते असे गृहीत आहे.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष पाण्याला लावताना मात्रांचा हिशेब अपरिहार्य ठरतो. उंदरांना दिलेले ४० मिलिग्रॅमचे पाणी वरील मर्यादेच्या तेराशे पटींहून अधिक तीव्र होते. पेशींवरील प्रयोगांत वापरली जाणारी १०० मायक्रोमोल ही तीव्रता लिटरमागे जवळजवळ २४ मिलिग्रॅम भरते, तर सामान्य माणसाच्या यकृतातील सरासरी युरेनियम ०.०३ मायक्रोमोलच्या आसपास असते. हा फरक सुमारे तीन हजार पटींचा आहे. अशा प्रयोगांतून इजेची यंत्रणा कळते, धोक्याचे प्रमाण कळत नाही. दूषित विहिरीचे पाणी वर्षानुवर्षे पिणाऱ्यांच्या यकृतातील साठा सरासरीहून अधिक असणार हे उघड आहे. परंतु तेथेही पहिली खूण लघवीतील बदलांतच शोधावी लागते.

निदान आणि उपचार

यकृताच्या नेहमीच्या तपासण्यांतून, म्हणजे एसजीपीटी, एसजीओटी व बिलिरुबिनच्या आकड्यांवरून, युरेनियमची बाधा ओळखता येत नाही. ही विकरे कावीळ, मद्यपान, मेदयुक्त यकृत, औषधे अशा कितीतरी कारणांनी वाढतात. उलट शरीरात युरेनियम असूनही ती बहुधा सामान्य राहतात. बाधेचा शोध लघवीतील युरेनियम मोजून घेतला जातो. सोबत लघवीतील बीटा-२-मायक्रोग्लोब्युलिनसारखी लहान प्रथिने तपासली तर मूत्रपिंडाच्या नलिकांची स्थिती कळते.

तीव्र बाधेत सोडियम बायकार्बोनेट शिरेतून देऊन लघवी अल्कधर्मी ठेवतात, जेणेकरून युरेनिल बायकार्बोनेटशी बांधलेले राहून बाहेर पडावे. मूत्रपिंडे निकामी झाल्यास रक्तशुद्धीकरण करावे लागते. प्लुटोनियमच्या बाधेत उपयोगी पडणारे डीटीपीए हे औषध युरेनियमसाठी सुचवले जात नाही. हायड्रॉक्सिपिरिडिनोन वर्गातील काही संयुगे प्राण्यांत युरेनियम बांधून बाहेर काढतात असे दिसले आहे. उपचार जितका लवकर सुरू होईल तितका अधिक लाभ होतो आणि हाडात बसलेला धातू काढणे सर्वांत अवघड जाते. यकृतइजेवर युरेनियमसाठीचा असा स्वतंत्र उपचार नाही. यकृतपेशींची पुनर्निर्मितीची क्षमता मोठी असल्याने संपर्क थांबवणे आणि रुग्णाला सावरून धरणे यावरच भर असतो.

दीर्घकालीन संपर्कात पाण्याचा स्रोत बदलणे हा मुख्य उपाय होय. पाणी उकळल्याने युरेनियम जात नाही. उलट वाफ निघून गेल्याने उरलेल्या पाण्यात त्याची तीव्रता किंचित वाढते. साध्या गाळणीचाही उपयोग नाही. उलट परासरण म्हणजे आरओ आणि आयन-विनिमय या पद्धतींनी ते मोठ्या प्रमाणात निघते. या यंत्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात युरेनियम अधिक तीव्र झालेले असते, त्यामुळे ते पिण्यासाठी किंवा स्वयंपाकासाठी वापरता येत नाही.